ट्रॉली उतारावर का थांबत नाही? घर्षणाचा साधा हिशेब

उन्हाळ कांदा निघाला की चांदवड, देवळा, कळवण, येवला, निफाड या पट्ट्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, जिकडे भाव दोन पैसे बरा तिकडे माल निघतो. लिलावात नंबर लवकर लागावा म्हणून पहाटे अंधारातच निघायचं आणि फेऱ्या वाचाव्यात म्हणून ट्रॉली काठोकाठ भरायची, अशी आपली रीत. मग एखाद्या उतारावर ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत नेते आणि सगळंच आडवं होतं. पाराच्या ओट्यावर निष्कर्ष ठरलेला असतो, ‘ब्रेक फेल झाले.’

ब्रेक फेल होतातही. पण ब्रेक नवेकोरे, चालवणारा मुरलेला, तरीही ट्रॉली थांबत नाही असं होऊ शकतं, आणि हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ब्रेक फक्त चाक थांबवतो. ट्रॅक्टर थांबवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. या घर्षणाला एक मर्यादा असते. ती संपली की पेडलवर उभं राहिलं तरी उपयोग नाही. ही मर्यादा कशी ठरते, ते शेतकरी बंधूंनी एकदा समजून घ्यावं. गणित चौथीच्या पोराला जमेल असं आहे.

आधी एक प्रयोग करून पाहा. घरात लटकता स्प्रिंगचा काटा असतो, तो घ्या. एका विटेला सुतळी बांधा, सुतळी काट्याला अडकवा आणि कोब्यावरून वीट आडवी ओढा. वीट तीन किलोची असेल तर काटा साधारण दीड-दोन किलो दाखवील. आता तीच वीट तिच्या अरुंद बाजूवर उभी करून ओढा. जमिनीला टेकलेली जागा कमी झाली, तेव्हा ओढही कमी लागेल असं वाटतं. पण काटा जवळपास तेवढाच राहतो. मग विटेवर दुसरी वीट ठेवा. आता मात्र काटा दुप्पट होतो. म्हणजे घर्षण ठरतं ते किती जागा टेकली यावर नव्हे, तर किती वजन दाबतंय आणि कोणते दोन पृष्ठभाग एकमेकांवर आहेत यावर. हा नियम फ्रान्सच्या आमोंताँ या शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडला आणि पुढे १७८५ मध्ये कुलोम यांनी तो बारकाईने तपासला. त्यांच्याही दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंची यांनी आपल्या वहीत हेच टिपून ठेवलं होतं, पण ती वही कुणी वाचली नाही.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. वीट हलेपर्यंत काटा जास्त चढतो आणि एकदा सरकायला लागली की थोडा खाली येतो. उभ्या वस्तूचं घर्षण जास्त, घसरत्या वस्तूचं कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, ब्रेकच्या वेळी लागणार आहे.

दाबणाऱ्या वजनाचा कितवा हिस्सा घर्षण म्हणून मिळतो, त्या आकड्याला घर्षणांक म्हणतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो. म्हणजे चाकावर १०० किलो वजन असेल तर ७० किलोपर्यंत पकड. रस्ता ओला झाला की तो ०.४ पर्यंत उतरतो. पहिला पाऊस पडून धूळ आणि तेलकटपणा वर आला असेल, शेतातला चिखल चाकांनी डांबरावर आणला असेल, किंवा ट्रॉल्यांतून सांडलेला कांद्याचा पाला-टरफल ओलं होऊन पसरलं असेल, तर त्याहूनही कमी.

आता ट्रॉलीकडे येऊ. ट्रॅक्टर २ टनांचा, चारचाकी ट्रॉली स्वतः २ टनांची आणि तिच्यात ६० क्विंटल कांदा, म्हणजे ६ टन. एकूण १० टन. वाडीवस्तीकडून खाली येणाऱ्या एखाद्या रस्त्याला १२ फुटांना १ फूट उतार धरा. अशा उतारावर वजनाचा बारावा हिस्सा गाडीला खाली ओढत असतो. १० टनांचा बारावा हिस्सा ८३३ किलो. हा ओढ दिवसरात्र, ब्रेक दाबा नाहीतर नका दाबू, चालूच असतो.

याला अडवणारं कोण? ट्रॅक्टरचे ब्रेक असतात मागच्या दोन चाकांना. या चाकांवर आपण दीड टन वजन धरू. टायर दबत-उसवत फिरताना थोडा विरोध होतो, तो १० टनांना २०० किलोच्या आसपास. कोरड्या रस्त्यावर दीड टनाचे ०.७ म्हणजे १०५० किलो, अधिक २००, एकूण १२५०. ओढ ८३३ चा. गाडी थांबेल. पण कुठे? ताशी २० किलोमीटरचा वेग असेल तर सपाट रस्त्यावर १२-१३ मीटरमध्ये थांबणारी हीच गाडी या उतारावर सुमारे ३७ मीटर घेईल. म्हणजे १२० फूट. तेवढ्यात पूल येतो, वळण येतं, शाळेतून सुटलेली पोरं येतात.

आता रस्ता ओला करा. दीड टनाचे ०.४ म्हणजे ६०० किलो, अधिक २००, एकूण ८००. ओढ तोच ८३३ चा. गाडी थांबत नाही. ब्रेक पक्के दाबले, चाकं जाम झाली, तरी वेग वाढतच जातो. यात मेकॅनिकचा दोष नाही आणि ड्रायव्हरच्या पायाचाही नाही. दहा टनांना थांबवायचं काम दीड टनावर सोपवलेलं आहे, एवढाच दोष. आणि दीड टन हा आकडाही सढळ हाताने धरलाय. ब्रेक लागताना वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. दोनचाकी ट्रॉली असेल तर तिचं थोडं वजन हुकावर येतं, हिशेब जरा बदलतो, मूळ गोष्ट बदलत नाही.

याच ट्रॉलीत ६० ऐवजी ३० क्विंटल भरा. एकूण वजन ७ टन, ओढ ५८३ किलो, अडवणारं बळ ७४० किलो. ओल्या रस्त्यावरही गाडी थांबते, जरी त्याला ७० मीटर लागले तरी. आणि ट्रॉलीच्याच चाकांना चालू ब्रेक असतील तर? मग ८ टनांचं वजन स्वतःच पकड देतं. ओल्या रस्त्यावर त्याचे ०.४ म्हणजे ३२०० किलो. कागदावरचा हिशेब असा की भरलेली गाडी पाच-सहा मीटरमध्ये उभी राहील. प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. जे वजन आपला जीव घ्यायला निघालं होतं, तेच ब्रेकच्या कामी येतं. ट्रॉली बनवून घेताना रंग, नाव, कर्णा यांवर खर्च होतो; ब्रेकची गोष्ट निघाली की ‘लागत नाही आपल्याला’ म्हणून टाळली जाते. माझ्या मते सगळ्यात आधी खर्च करायचा तो तिथेच.

उतारावर काय करायचं, हेही या हिशेबातून निघतं. उतार सुरू व्हायच्या आधीच हलक्या गिअरमध्ये यायचं. इंजिन चाकांना सावकाश धरून ठेवतं, चाक जाम होत नाही, ब्रेक तापत नाहीत. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करून गाडी सोडायची सवय काहींना आहे. वाचतं ते चमचाभर. चाक पूर्ण जाम झालं की ते फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं, आणि घसरत्या वस्तूचं घर्षण कमी हे आपण विटेवर पाहिलंच. शिवाय घसरतं चाक स्टीअरिंगचं ऐकत नाही. शेतात वळताना सोय म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारा खटका लावलाच पाहिजे. एकच पेडल दाबलं गेलं तर गाडी जागच्या जागी फिरते. टायरचंही एक सांगायचं राहिलं. गुळगुळीत टायर कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी धरतो, म्हणून माणूस फसतो. नक्षीचं काम पावसात. टायरखालचं पाणी बाजूला काढायला खाचाच नसतील तर रबर रस्त्याला टेकतच नाही.

ग्रामपंचायतींनी यात एक करावं. शेतातून डांबरी रस्त्यावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी वीस-पंचवीस फूट मुरूम-खडी टाकून घ्यावी. चाकांचा चिखल तिथेच झडतो. उताराच्या वळणावर सांडलेली बारीक खडी झाडून घेणं हे तर फुकटचं काम आहे. खडीवर टायर म्हणजे गोट्यांवर पाय.

वजनाशिवाय पकड नाही, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात सगळ्यात मोठ्या मापावर दिसते ती कसारा घाटात. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणारा हा रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ ला १ आहे. आपल्या डोळ्यांना तो फार वाटणार नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक हा मामला निसरडा. १००० टनांची गाडी असेल तर ३७ ला १ चढावर तिला मागे ओढणारं बळ २७ टन होतं. इंजिन साधारण १२० टनांचं. रूळ कोरडे असतील तर त्याला तीस टनांच्या पुढे पकड मिळते. पावसाने ओले झाले की ती अठरा-वीस टनांवर येते. म्हणजे इंजिनाची ताकद कितीही असो, चाकं जागच्या जागी फिरणार. म्हणूनच कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. ती नुसती जोर लावत नाहीत, रुळावर वजन आणतात. आणि इंजिनात वाळू भरलेली असते, ती चाकापुढे सोडायची सोय असते. एवढ्या मोठ्या यंत्राला शेवटी मूठभर वाळूचाच आधार. कसाऱ्याला गाडी थांबून राहिली म्हणून वैतागणाऱ्या प्रवाशांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

पण सगळीकडे वजनच लागतं असंही नाही. बैल बुजला की जाणता गडी दावं हातात धरून ओढत बसत नाही. खुंटाला किंवा झाडाला दोन वेढे मारतो आणि टोक नुसतं धरून उभा राहतो. यामागचा हिशेब विलक्षण आहे. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने आपली ताकद साडेसहा पट होते. दोन वेढ्यांनी तेरा पट नव्हे, चाळीस पटींच्या वर. तीन वेढ्यांनी अडीचशे पटींच्या वर. वेढे वाढतात तशी ताकद बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. विहिरीत मोटार सोडताना चार माणसं नुसत्या हातांनी दोर धरून काठावर उभी राहतात, हे पाहिलं की काळजात धस्स होतं. काठाजवळचं पक्कं झाड किंवा पहार पाहून दोराला दोन-तीन वेढे द्या आणि सावकाश सोडत जा. एकाचा पाय घसरला तरी मोटार आणि माणसं दोन्ही राहतात. मळणीयंत्राचा किंवा चक्कीचा पट्टाही याच तत्त्वावर चालतो. पट्टा पुलीला जितका जास्त लपेटला तितकी पकड. तो घसरायला लागला की लोक राळ टाकतात. आधी ताण बघावा. पट्ट्याला तेल-ग्रीस मात्र कधीही नाही.

शेतातल्या मातीची गोष्ट थोडी निराळी आहे. डांबरावर टायर मातीत रुतत नाही, शेतात रुततो, माती फाटते आणि चाक घसरतं. थोडी घसरण होणारच. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे मात्र डिझेल जाळून टायर झिजवणं एवढंच होतं. आपल्या ट्रॅक्टरची घसरण मोजायला एक खडू पुरे. मागच्या टायरवर खूण करा. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा, समजा ४० मीटर भरलं. मग नांगर लावून तेच दहा फेरे घ्या. ३४ मीटर भरलं तर घसरण सहा मीटर, म्हणजे पंधरा टक्के. ३० मीटरच भरलं तर पंचवीस टक्के, तेव्हा नांगराची खोली कमी करा किंवा मागच्या चाकांवर वजन वाढवा. टायरमध्ये पाणी भरतात ते याचसाठी. पण पेरणी-कोळपणीसारख्या हलक्या कामाला ते वजन उतरवून ठेवावं, नाहीतर जमीन दाबली जाते. इगतपुरी, पेठ, त्र्यंबकेश्वर भागात भाताच्या चिखलणीला लोखंडी केज व्हील लावतात. चिखलात ती उत्तम. तीच चाकं लावून डांबरी रस्त्यावरून गावात येऊ नये, रस्ता पंचायतीचा आहे.

आतापर्यंत घर्षण जपायची गोष्ट झाली. जिथे ते नको, तिथेही आपण कमी निष्काळजी नाही. बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची, आणि आखाला वंगण घातल्याशिवाय म्हातारी माणसं गाडी जुंपू देत नसत. कारण बैलजोडी दिवसभर जो ओढ देऊ शकते तो तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. आठशे किलोची जोडी, ऐंशी किलोचा ओढ. त्यातला काही कोरडा आखच खाऊन टाकणार असेल तर ओझ्यासाठी उरतं काय? वंगणामुळे लोखंड लोखंडावर घासत नाही, मधल्या तेलाच्या थरात सरकतं. ट्रॅक्टरचे, ट्रॉलीचे, रोटाव्हेटरचे ग्रीस निपल हेच काम करतात. ग्रीस भरण्याआधी निपल फडक्याने पुसायचं. न पुसता पंप लावला तर ग्रीसबरोबर माती आत जाते आणि बेअरिंगला घासायला आपणच वाळू पुरवतो. सबमर्सिबल मोटारीची बेअरिंग बहुतेक पाण्यावर चालतात. बोअर कोरडं पडल्यावर ती ओढत बसली की काय होतं, ते वाइंडिंगवाल्याला विचारा.

नांगराचं पातं आरशासारखं चकचकीत असावं असं जुने लोक म्हणत, ते शोभेसाठी नाही. आपल्या काळ्या जमिनीत माती गंजलेल्या पात्याला चिकटते, मग माती लोखंडावरून सरकत नाही, मातीवरून माती घासते आणि ओढ वाढतो. वाफसा साधायचा तो याहीसाठी. फार ओल असेल तर माती चिकटते, फार सुकली तर ढेकळं फोडायलाच ताकद जाते. हंगाम संपला की पात्याला जुनं ऑइल फासून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

शेवटी पाण्याबद्दल, कारण या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पैसा या घर्षणात जिरतो. द्राक्षबागांसाठी आपण धरणाकाठून, कालव्याकाठून, दूरच्या विहिरीतून किलोमीटर-किलोमीटर पाइपलाइन आणतो. पाणीही पाइपाला घासतं. पण इथे विटेचा नियम लागू नाही. इथे वजनाला किंमत नाही, वेगाला आहे. तेवढंच पाणी बारीक पाइपातून न्यायचं तर त्याला जास्त वेगाने पळावं लागतं, आणि घर्षण झपाट्याने वाढतं. सेकंदाला ५ लिटर पाणी एक किलोमीटर न्यायचं आहे असं धरा. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात नुसत्या घर्षणापोटी ४८-५० मीटर उंचीइतका दाब खर्ची पडतो. ७५ च्या पाइपात २१-२२ मीटर. ९० च्या पाइपात ८-९ मीटर. जमीन सपाट असली तरी ६३ चा पाइप म्हणजे पंधरा मजली इमारतीवर पाणी चढवण्यासारखं आहे, ९० चा म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. हा चाळीस मीटरचा फरक भरून काढायला सुमारे पाच अश्वशक्ती जास्त लागते.

कुणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतंय, आपलं काय जातं? आपलं पाणी जातं. मोटार आहे तीच राहते, तिला तो दाब पेलत नाही, म्हणून पाच लिटरच्या जागी तीनच लिटर येतं. वीज मिळते ठरलेले तास. त्या तासांत चार एकर भिजायचे ते अडीच भिजतात, आणि घड फुगायच्या दिवसांत तो फरक बागेत दिसतो. पाइप घेताना दुकानात नुसतं ‘दोन इंची द्या’ म्हणू नका. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंतचं अंतर, चढ किती आणि तासाला किती पाणी हवं, हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. त्यावरून व्यास काढायचे तक्ते असतात. आणि नव्वद अंशाचा एल्बो जिथे टाळता येतो तिथे पाइप लांब बाकाने वळवा. प्रत्येक काटकोनात पाणी थोडं आपटतं आणि तेवढा दाब तिथेच संपतो.